घरी घडविलेले घड्याळ : दोषचिकित्सा आणि कालमापनाचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः शोधाच्या तारखेकडे आणि कारखान्याच्या उत्पादनाकडे जाते. यंत्र बिघडते, बंद पडते, ते उघडून पाहावे लागते आणि त्या उघडण्यातूनच त्याचे खरे ज्ञान होते, ही बाजू सहसा उपेक्षित राहते. यांत्रिक घड्याळाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष हानिकारक ठरली आहे. लंबकाच्या घड्याळाची गेल्या साडेतीनशे वर्षांतील प्रगती ही बव्हंशी दोष ओळखण्याची आणि दूर करण्याची परंपरा आहे, आणि तिचा मोठा वाटा घड्याळाचा धंदा न करणाऱ्या हौशी माणसांनी उचलला आहे. या परंपरेचे स्वरूप काय होते, ती मुंबई-ठाणे परिसरात आणून ठेवली असता कोणते प्रश्न उभे राहतात आणि महाराष्ट्राच्या तंत्रेतिहासाने त्यांतून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. घटिकापात्रापासून लंबकापर्यंत

‘घड्याळ’ हा शब्दच या इतिहासाचा पहिला पुरावा होय. ‘घटी’ अथवा ‘घटिका’ म्हणजे लहान भांडे. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडावयाचे आणि ते भरून बुडाले म्हणजे एक घटका झाली असे मानावयाचे, ही पद्धत आपल्याकडे शतकानुशतके रूढ होती. अहोरात्राच्या ६० घटका, घटकेची ६० पळे, म्हणजे आजच्या मापाने घटका २४ मिनिटांची व पळ २४ सेकंदांचे. विवाहमुहूर्ताच्या वेळी घटिकापात्राकडे डोळे लावून बसणारा जोशी हा मराठी समाजाच्या स्मृतीतला परिचित पुरुष आहे. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचारही त्याच पात्राने भाषेला दिला.

हे साधन दिसावयास साधे असले तरी निर्दोष नव्हते. छिद्रात गाळ अडकला की घटका लांबते. छिद्र झिजून मोठे झाले की ती आखूड होते. थंड पाणी उष्ण पाण्यापेक्षा दाट वाहते, त्यामुळे पौषातील पहाटेची घटका वैशाखातील दुपारच्या घटकेशी तंतोतंत जुळत नाही. पात्र स्वच्छ ठेवणे, पाणी गाळून घेणे, सूर्योदयाशी पुन्हा मेळ घालणे ही कामे त्या पात्राच्या रक्षकाला नित्य करावी लागत. सारांश, कालमापनाचे साधन आणि त्याच्या दोषांची चिकित्सा या दोन गोष्टी आपल्याकडेही प्रथमपासून एकत्रच होत्या.

युरोपात १६५६ साली ख्रिस्तियान हॉयगेन्स याने लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. तत्पूर्वीची घड्याळे दिवसाकाठी पाव तास चुकणे ही सामान्य गोष्ट होती. लंबकाने ही चूक एकदम काही सेकंदांवर आणली. परंतु लंबक आला आणि प्रश्न संपले असे घडले नाही. उलट, मोठी चूक नाहीशी होताच तिच्याखाली दडलेल्या लहान चुका एकामागून एक दिसू लागल्या. लंबकाचा झोका रुंद असेल तर त्याचा काळ किंचित वाढतो. हा दोष हॉयगेन्सच्या ध्यानी आला होता आणि त्यावर त्याने वक्र पट्ट्यांचा उपाय सुचविला होता. पुढे १६७० च्या सुमारास नांगराच्या आकाराचे एस्केपमेंट प्रचारात येऊन झोका अरुंद झाला आणि तो दोष प्रत्यक्षात आटोक्यात आला. एस्केपमेंटच्या चक्राला बसणारा उलटा धक्का हा त्यानंतरचा दोष. जॉर्ज ग्रॅहम याने १७१५ च्या सुमारास तो टाळणारी रचना रूढ केली. तापमानामुळे लंबकाची दांडी लांबते, हा त्याच्या पुढचा. प्रत्येक सुधारणा ही मागच्या सुधारणेने उघड केलेल्या दोषाला दिलेले उत्तर होती.

२. हौशी कारागिराचे स्थान

या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध पुरुष जॉन हॅरिसन हा व्यवसायाने सुतार होता. १६९३ साली जन्मलेल्या या माणसाने कोणाही घड्याळजीकडे उमेदवारी केली नव्हती. १७१३ साली त्याने आपले पहिले मोठे घड्याळ बनविले ते लाकडाचे. चक्रे ओक वृक्षाच्या लाकडाची होती. पुढे त्याने ब्रॉकल्सबी येथील एका सरदाराच्या वाड्यासाठी मनोऱ्याचे घड्याळ केले, तेव्हा तेल सुकून घट्ट होते व घड्याळ अडते या दोषावर त्याने मूलगामी उपाय योजला. त्याने चांगल्या तेलाच्या मागे न लागता तेलाची गरजच काढून टाकली. लिग्नम व्हायटी हे स्वभावतः तेलकट असे उष्णदेशीय लाकूड त्याने आसांच्या बैठकीसाठी वापरले. सुताराला लाकडाचा स्वभाव ठाऊक होता म्हणून हा मार्ग सुचला. पितळेत वाढलेल्या घड्याळजीला तो सुचणे कठीण होते. याच माणसाच्या चौथ्या सागरी घड्याळाने १७६१-६२ मधील जमैकाच्या सफरीत समुद्रावरील रेखांशाचा प्रश्न व्यवहारतः सोडविला.

हॅरिसन हा अपवाद नव्हता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर येथील महाघड्याळाची रचना करणारा एडमंड बेकेट डेनिसन हा वकील होता. वाऱ्याचा आणि पावसाचा जोर काट्यांवर पडून तो लंबकापर्यंत पोहोचू नये यासाठी त्याने केलेली गुरुत्वाधिष्ठित एस्केपमेंटची रचना पुढे जगभर मनोऱ्यांच्या घड्याळांत वापरली गेली. १८५९ साली ते घड्याळ चालू झाले. त्याचा वेग आजही लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवून वा काढून नियमित केला जातो. एका नाण्याने दिवसाला सुमारे ०.४ सेकंद फरक पडतो. विसाव्या शतकात वेधशाळांच्या कालमापनात क्रांती करणारे मुक्त लंबकाचे घड्याळ विल्यम हॅमिल्टन शॉर्ट या रेल्वे अभियंत्याने साकारले आणि ते १९२१ साली एडिंबरोच्या वेधशाळेत बसविण्यात आले. सुतार, वकील, रेल्वे अभियंता : तिघांपैकी एकाचाही उदरनिर्वाह घड्याळाच्या दुकानावर नव्हता.

याचे कारण शोधणे अवघड नाही. धंदेवाईक घड्याळजीला गिऱ्हाइकाचे घड्याळ ठरल्या दिवशी चालू करून द्यावयाचे असते. दिवसाला दहा सेकंदांची चूक त्याच्या दृष्टीने चूकच नसते. हौशी माणसाला मुदत नसते. तो एकाच यंत्रावर दोन हिवाळे घालवू शकतो आणि दहा सेकंदांचे कारण सापडेपर्यंत स्वस्थ बसत नाही. इंग्लंडमध्ये १८६५ पासून ‘इंग्लिश मेकॅनिक’ आणि १८९८ पासून ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकांनी अशा माणसांना एकत्र आणले. लेथ कशी चालवावी, पितळेच्या पत्र्यातून चक्र कसे कापावे, दाते कसे पाडावे हे त्यांत सविस्तर येई आणि अडलेल्याचा प्रश्न छापून त्याचे उत्तरही छापले जाई. वैयक्तिक हौस सामुदायिक ज्ञानात परिणत होण्यास असे साधन अवश्य असते.

३. दोष शोधण्याची रीत

घरी बनविलेले घड्याळ पहिल्याच दिवशी नीट चालले असे क्वचितच घडते. ते का थांबले हे शोधण्याची रीत इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही समजून घेण्यासारखी आहे, कारण ती पुराव्याची रीत आहे.

सेकंदाचा लंबक असलेल्या घड्याळाची एक रूढ रचना पाहावी. मिनिटकाट्याचे मध्यचक्र ६४ दात्यांचे असून ते तासाला एकदा फिरते. ते पुढच्या आसावरील ८ दात्यांच्या लहान चक्रास, म्हणजे पिनियनला, फिरविते. त्या आसावर ६० दात्यांचे तिसरे चक्र असते व ते एस्केपमेंटच्या ८ दात्यांच्या पिनियनला फिरविते. प्रथम गुणोत्तर ८, दुसरे साडेसात, दोहोंचा गुणाकार ६०. म्हणून एस्केपमेंटचे ३० दात्यांचे चक्र बरोबर मिनिटाला एकदा फिरते.

आता घड्याळ अडखळत असेल तर ते किती वेळाने अडखळते याची नोंद ठेवावयाची. दर मिनिटाला अडखळले तर दोष एस्केपमेंटच्या आसावर आहे. दर साडेसात मिनिटांनी अडखळले तर तिसऱ्या चक्राचा एखादा दाता वाकडा आहे किंवा त्याचा आस वाकला आहे. दर पंधरा मिनिटांनी अडखळले तर तिसऱ्या चक्राचा एक सदोष दाता आणि पिनियनचा एक सदोष दाता हे परस्परांसमोर येत आहेत, कारण ६० आणि ८ या संख्यांचा लघुतम साधारण विभाज्य १२० असल्याने तीच जोडी दोन फेऱ्यांनी पुन्हा भेटते. तासाला एकदा थांबले तर मध्यचक्र वा मिनिटकाटा तपासावा, आणि बारा तासांनी थांबले तर तासकाटा कोठे घासतो ते पाहावे. यंत्र न उघडता केवळ कालांतरावरून दोषाचे स्थान निश्चित होते.

याउलट ज्या थांबण्याला कोणतेही नियमित अंतर नाही त्याचे कारण दातेरी चक्रांत शोधणे व्यर्थ होय. तेथे घाण, दाट झालेले तेल, हलणारी भिंत, सैल टांगणी किंवा अपुरे वजन यांचा संशय घ्यावा लागतो. लंबकाच्या ‘टिक’ आणि ‘टक’ या दोन आवाजांतील अंतर असमान असेल तर घड्याळ तिरके टांगले आहे वा नांगर मध्यावर बसलेला नाही. शिकाऊ माणसाची सर्वांत मोठी चूक म्हणजे थांबलेल्या घड्याळाला जास्त वजन लावणे. त्याने घड्याळ चालू लागते, परंतु दोष झाकला जातो, आसांची छिद्रे लवकर झिजतात आणि झोका रुंद होऊन वेळ चुकते. मध्यापासून एका बाजूचा झोका २ अंशांवरून ३ अंशांवर गेला तर केवळ तेवढ्याने दिवसाला सुमारे ८ सेकंद मागे पडतात.

४. स्थळाचा प्रश्न : ठाणे खाडीचा काठ

इंग्रजी पुस्तकातील मापे घेऊन कोणी हौशी कारागीर ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील घणसोलीसारख्या गावी घड्याळ बनवू लागला, तर त्याला पहिला धडा पृथ्वीच देईल. लंडन येथे सेकंदाच्या लंबकाची परिणामी लांबी सुमारे ९९४.२ मिलिमीटर असते. विषुववृत्ताकडे सरकावे तसे गुरुत्वाकर्षण किंचित कमी होते. म्हणून मुंबईच्या अक्षांशावर तीच लांबी सुमारे ९९१.५ मिलिमीटर हवी. हा फरक पावणेतीन मिलिमीटरांहूनही थोडा कमी आहे, परंतु तो दुरुस्त न केल्यास घड्याळ दिवसाला जवळजवळ दोन मिनिटे मागे पडते. कारागिराला वाटेल आपलेच काही चुकले. वस्तुतः त्याच्या घड्याळाने पृथ्वीचा आकार मोजलेला असतो.

हेच १६७२ साली दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे झां रिशे या फ्रेंच ज्योतिर्विदास अनुभवास आले होते. पॅरिसमध्ये बिनचूक लावलेले त्याचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक आखूड करावा लागला. पॅरिसमधील काही विद्वानांना ही रिशेची हयगय वाटली. परंतु १६८७ मध्ये न्यूटनने आपल्या ग्रंथात या निरीक्षणाचा आधार घेऊन पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचे प्रतिपादन केले. जो दोष वाटला तो शोध ठरला.

कोकणच्या हवेचा प्रश्न दुसरा. पोलादाची दांडी १० अंश सेल्सियस तापमानवाढीने दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे टाकते. लाकडाची दांडी उष्णतेने फारशी वाढत नाही, म्हणून युरोपातील साध्या घड्याळांत ती पसंत केली जाई. परंतु आषाढ-श्रावणातील दमट हवेत लाकूड ओल शोषते. तेव्हा लाकडाला रोगण नीट दिलेले नसेल तर पावसाळ्यातली चाल आणि उन्हाळ्यातली चाल वेगळी पडते. खाऱ्या हवेने पोलादी आसांची टोके गंजतात, आणि गंजाचा एक कण पितळी छिद्राला कानशीसारखा घासतो.

तिसरा प्रश्न, आणि इतिहासाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा, घड्याळाने कोणती वेळ दाखवावी हा होय. घणसोलीसारख्या आगरी-कोळी गावांचे जीवन खाडीच्या भरती-ओहोटीवर बांधलेले होते. मासेमारी, मिठागरे आणि खारजमिनीचे बांध यांना सूर्यापेक्षा चंद्र अधिक जवळचा. भरतीची वेळ काढण्याचा कोकण किनाऱ्यावरील आडाखा सुप्रसिद्ध आहे : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकत असल्याने खरे मान तिथीस ४८ मिनिटे पडते आणि आडाखा ४५ मिनिटे धरतो. परंतु दर पौर्णिमा-अमावास्येस मोजणी पुन्हा आरंभापासून सुरू होत असल्यामुळे चूक साचत नाही. घटिकापात्र जसे सूर्योदयाशी मेळविले जाई, तसाच हा मेळ आहे. इंग्लंडच्या बंदरगावांतील जुन्या उभ्या घड्याळांत चंद्राची तबकडी ११८ दात्यांची करून भरतीची वेळ दर्शविण्याची सोय असे. दर बारा तासांनी एक दाता सरकून ५९ दिवसांत दोन चांद्रमास पूर्ण होत. चांद्रमास वस्तुतः २९.५३ दिवसांचा असल्याने त्या तबकडीची चूक महिन्याला सुमारे ४४ मिनिटे होती आणि तीही हाताने मेळवून घ्यावी लागे. कोळ्याचा आडाखा आणि घड्याळजीची तबकडी यांनी एकाच प्रश्नाला सारखेच उत्तर दिले होते.

५. मुंबईची वेळ आणि वेळेची सत्ता

मुंबई परिसरात अचूक यांत्रिक वेळ प्रथम आली ती बंदराच्या गरजेतून. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाबा येथे वेधशाळा स्थापिली. जहाजांच्या सागरी घड्याळांना बिनचूक वेळ पुरविणे हा तिचा एक प्रधान हेतू होता. केरो लक्ष्मण छत्रे (१८२५-१८८४) यांचे गणित व ज्योतिषातील कर्तृत्व पुढे पुण्यात बहरले, पण त्यांच्या उमेदीची वर्षे याच वेधशाळेत गेली होती. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि मिनिटाला सामान्य माणसाच्या व्यवहारात मोल आले. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्यावर लंडनच्या लंड अँड ब्लॉकली यांचे घड्याळ बसले आणि विद्यापीठ हेच शहराच्या वेळेचे एक केंद्र बनले.

परंतु कोणती वेळ? कुलाब्याची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत, म्हणजे आणखी ३० मिनिटे पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजास मद्रासची वेळ लागू केली तेव्हा शहरात प्रखर विरोध झाला. विद्यापीठाच्या मनोऱ्याने कोणती वेळ दाखवावी हाही त्या वादाचा भाग झाला, आणि १८८३ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध निषेध केला. महानगरपालिकेने मुंबईची वेळ १९५५ पर्यंत जपली. अर्धशतकभर एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. आज घणसोलीत सूर्य सरासरीने १२ वाजून ३८ मिनिटांनी मध्यान्ही येतो. त्या ३८ मिनिटांत हा सारा इतिहास साठलेला आहे.

येथे घरी बनविलेल्या घड्याळाचे महत्त्व स्पष्ट होते. मनोऱ्याचे घड्याळ, रेल्वेचे घड्याळ आणि पुढे १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात आलेल्या कारखान्यांचा भोंगा ही सर्व वेळ वरून खाली सांगणारी साधने होती. ऐकणाऱ्याने ती पाळावयाची होती. स्वतः घड्याळ घडविणाऱ्याला मात्र वेळ ही निरीक्षणाने, तुलनेने आणि दुरुस्तीने ठरवावी लागते, हे हाताने कळते. तो वेळेचा केवळ पालक न राहता परीक्षक होतो.

६. दुरुस्तीची परंपरा आणि संशोधनाची दिशा

हिंदुस्थानात यंत्रे केवळ आयात झाली व वापरली गेली, असे जे ढोबळ विधान केले जाते ते तपासून घेणे आवश्यक आहे. मुंबईचे जहाजबांधणीकार अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी १८३३ मध्ये एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन स्वतः तयार केले होते. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. मुंबईतच जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७-१९३५) यांनी औपचारिक यंत्रशिक्षणावाचून यंत्रे रचली. घड्याळाच्या क्षेत्रात मात्र हे कर्तृत्व वेगळ्या रूपाने वावरले. येथील घड्याळजीपाशी सुटे भाग वेळेवर येत नसत. तुटलेला दाता पितळाचा तुकडा बसवून पुन्हा कापणे, झिजलेल्या छिद्रात नवी पितळी कडी ठोकणे, मोडलेल्या आसाचे टोक लेथवर नव्याने काढणे ही कामे दुरुस्ती या नावाखाली होत असली तरी ती निर्मितीच होती. हॅरिसनच्या कार्यशाळेतील कौशल्य आणि पेठेतील घड्याळजीच्या खोक्यावरील कौशल्य यांत प्रकारभेद नाही. भेद एवढाच की एकाची नोंद झाली आणि दुसऱ्याची झाली नाही. ‘इंग्लिश मेकॅनिक’ने ज्याप्रमाणे अडलेल्याचा प्रश्न आणि त्याचे उत्तर छापून ठेवले, त्याप्रमाणे हे ज्ञान छापले गेले नाही. ते गुरूकडून शिष्याकडे तोंडी गेले.

ही तोंडी परंपरा आता खंडित होत आहे. १९६१ मध्ये बंगळूर येथे एच. एम. टी.चा घड्याळांचा कारखाना सुरू झाला तेव्हा यांत्रिक घड्याळ ही राष्ट्रीय उद्योगाची प्रतिष्ठा होती. १९६९ मध्ये जपानने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढील दोन दशकांत चावीच्या घड्याळाचे आर्थिक प्रयोजन नाहीसे झाले. २०१६ मध्ये एच. एम. टी.चा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. स्वस्त क्वार्ट्झ यंत्र बिघडले तर ते उघडत नाहीत, बदलतात. त्यात दोषचिकित्सेला जागाच उरलेली नाही. यामुळे एक विलक्षण परिस्थिती उत्पन्न झाली आहे : लंबकाच्या घड्याळाचे कार्यकारी ज्ञान आता बऱ्याच अंशी हौशी कारागिरांच्या हाती उरले आहे. पितळ, लाकूड किंवा संगणकाने कापलेला प्लॅस्टिकचा पत्रा यांतून घरी घड्याळे घडविणारा आजचा माणूस, त्याला जाणीव असो वा नसो, एका संपलेल्या उद्योगाचे प्रायोगिक दप्तर सांभाळीत आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांना यातून तीन कामे दिसतात. पहिले, जुन्या घड्याळजींच्या साक्षी त्यांच्या हयातीतच, त्यांच्या परिभाषेसह आणि शक्य तर हत्यारांसह, नोंदविणे. दुसरे, नगरपालिका, देवस्थाने, गिरण्या व शाळा यांच्या दप्तरांतील घड्याळ-दुरुस्तीची बिले आणि नोंदी एकत्र करणे. या नोंदींवरून सार्वजनिक वेळ प्रत्यक्षात किती वेळा चुकत होती आणि ती कोण दुरुस्त करीत होते हे कळेल. वेळेच्या आज्ञांचा इतिहास लिहिला गेला आहे, वेळेच्या पालनाचा व्हावयाचा आहे. तिसरे, एक साधे लंबकाचे घड्याळ विद्यार्थ्यांनी स्वतः जुळवून वर्षभर चालविणे व त्याच्या चुकांची रोजनिशी ठेवणे. रिशेला केयेनमध्ये जे दिसले ते ग्रंथात वाचणे आणि आपल्याच हातच्या लंबकाला पावणेतीन मिलिमीटर आखूड करावयास लागणे, या दोन ज्ञानांत मोठे अंतर आहे. साधनांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ते अंतर एकदा तरी ओलांडलेले असावे.